चिल्लरीतली चौकट

खिशातलं एखादं नाणं काढा. रुपयाचं, दोनाचं, पाचाचं, कुठलंही चालेल. वाचायचा चष्मा असेल तर तोही काढा. आता साल शोधा आणि सालाच्या बरोबर खाली बघा. पत्त्यांतल्या चौकटीसारखी बारकी खूण दिसली, तर ते नाणं मुंबईत, फोर्टमधल्या टांकसाळीत पाडलेलं. चांदणी असेल तर हैदराबादचं. गोल टिंब असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर ते कोलकात्याचं. ती थोरली टांकसाळ, तिला ओळख सांगायची गरज वाटत नाही.

मी बदलापूरला राहतो. सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून सीएसएमटीपर्यंत ६८ किलोमीटर जायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं. या प्रवासात लोक भजनं म्हणतात, मटार सोलतात, शेअर बाजार चालवतात. मी नाणी बघतो. शेजारचे आधी हसले, मग स्वतःच्या खिशातली नाणी काढून देऊ लागले: ‘बघा हो, यात काही आहे का.’ बहुतेक वेळा काही नसतं. पण पालथं करून बघितल्याशिवाय कुणालाच चैन पडत नाही.

या नादाची सुरुवात एका बँकेत झाली. मी खिडकीवर जाऊन शंभर-शंभर नाण्यांच्या दहा पिशव्या मागितल्या. कॅशियरबाईंनी वर बघितलं. ‘घरात लग्न आहे का?’ नाही म्हटलं. ‘मग दुकान?’ तेही नाही. ‘मग एवढी चिल्लर करणार काय?’ बघणार, म्हटलं. बाईंनी शेजारच्या साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे. पिशव्या मात्र मिळाल्या, कारण हल्ली चिल्लर घेऊन जाणारा माणूस बँकेला देवासारखा वाटतो.

अमेरिकेत हाच उद्योग हजारो लोक करतात आणि त्यांना कुणी असं विचारत नाही. तिथे बँकेत नाणी कागदात गुंडाळून, नळकांड्यासारखी मिळतात: पाव डॉलरची ४० नाणी म्हणजे १० डॉलर, दहा सेंटांची ५० म्हणजे ५ डॉलर. माणूस अशी नळकांडी घरी नेतो, फोडतो, एकेक नाणं बघतो आणि नको ती परत भरतो. तो शोधत असतो चांदी. कारण १९६४ पर्यंतच्या तिथल्या दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी होती. पुढल्या वर्षी कायदा बदलला आणि पहिल्या दोन नाण्यांतली चांदी गेली. अर्ध्या डॉलरमध्ये ४० टक्के चांदी १९७० पर्यंत रेंगाळली. मात्र जुनी नाणी कायद्याने बाद झाली नाहीत, दर्शनी किंमत तीच राहिली. त्यामुळे एखाद्या आजोबांची बरणी नातवाने न बघता बँकेत ओतली, की ती चांदी पुन्हा नळकांड्यांत शिरते.

आता आमच्याकडचं यूएसए. उल्हासनगरला राहिलेल्या प्रत्येकाला हा विनोद शंभरदा ऐकावा लागतो: मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असेल तर ते ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असं वाचायचं. तर या यूएसएमध्ये बँकेच्या पिशव्या उघडून चांदी सापडते का? नाही. मी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारपासून बदलापूरच्या कात्रपपर्यंतच्या चिल्लरीत हात घातला आहे. चांदीचं एकही नाणं मला त्यात मिळालेलं नाही आणि मिळणारही नाही. याचं कारण नशीब नव्हे, इतिहास आहे. तो जरा सविस्तर सांगायला हवा, कारण अमेरिकेची चांदी आणि आपली चांदी यांची एकदा प्रत्यक्ष गाठ पडली होती.

कंपनी सरकारने १८३५ साली सगळ्या मुलखासाठी एकच रुपया आणला. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. तोळा म्हणजे रुपयाचं वजन, अशी सोनारांची व्याख्याच होती. हल्ली सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो तेव्हा तो ह्या रुपयाला दीड ग्रॅमहून जास्त कात्री लावत असतो. या रुपयात ९१.७ टक्के चांदी. राणीछाप, मग राजाछाप, आणि आमच्या आजीच्या तोंडी ‘कलदार’. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून माल आणि माणसं दोन्ही प्रचंड प्रमाणात गेली, त्याचे पैसे रुपयांत चुकवावे लागले आणि टांकसाळीत चांदी कमी पडू लागली. १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची कागदी नोट निघाली ती याच ओढाताणीतून. चवली, म्हणजे दोन आण्याचं नाणं, पुढच्याच वर्षी चांदीतून तांबं-निकेलवर आली. पावली आणि अधेलीही १९१९ च्या सुमाराला काही काळ त्याच वाटेने गेल्या. त्या वेळच्या तांबं-निकेलच्या अधेल्या आज चांदीच्या अधेल्यांपेक्षा अधिक हौसेने शोधल्या जातात.

तरी चांदी पुरेना. मग एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पिटमन कायदा केला आणि तिजोरीत पडून असलेले चांदीचे डॉलर वितळवायला काढले. एकूण २७ कोटींहून अधिक डॉलर मुशीत गेले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानच्या रुपयासाठी. म्हणजे १९१८ च्या आसपासचा पंचम जॉर्जचा रुपया तुमच्या देव्हाऱ्यात असेल, तर त्यात कुण्या अमेरिकन खाणकामगाराच्या पगाराचा डॉलर मुरलेला असण्याची बरीच शक्यता आहे. अमेरिकेतल्या नाणेवेड्यांनी आपल्याकडच्या बरण्या धुंडाळल्या तर त्यांना त्यांचंच काहीतरी सापडेल, असं मी म्हणतो ते यामुळे.

दुसऱ्या महायुद्धात तीच गत. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, ५० टक्के, आणि बनावट नाणी ओळखू यावीत म्हणून कडेला खास खाच घातली गेली. जुने जास्त चांदीचे रुपये लोक दडवून ठेवू लागले, तेव्हा सरकारने १९४१ ते १९४३ च्या दरम्यान व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि मग दोन्ही जॉर्ज असे टप्प्याटप्प्याने ते रुपये चलनातून बादच केले. १९४७ ला रुपया निव्वळ निकेलचा झाला. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला वाघ. अमेरिकेने चांदीची नाणी बनवायचं थांबवलं, पण जुनी चालू ठेवली. आपल्याकडे ती रद्द करून परत ओढून घेतली. आपल्या बँकेच्या पिशवीत चांदी नसते ती म्हणून. जी उरली ती घराघरांत, लक्ष्मीपूजनाच्या डब्यात.

आणि इथे उल्हासनगरचा संबंध पुन्हा येतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. लोकांना काय आणता आलं? जे अंगावर आणि कमरेला मावलं ते. त्यात रुपये होते. कॅम्प दोनमधल्या माझ्या ओळखीच्या एका सिंधी काकांनी मागल्या दिवाळीत मला त्यांच्या घरची पूजा बघायला बोलावलं. त्यांच्याकडे हटडी पुजतात. मातीची छोटी दुकानासारखी रचना, समोर दिवे. कच्च्या दुधात चांदीचं नाणं बुडवायचं आणि मग घरातल्या प्रत्येकाने ते दातांना टेकवायचं. काकांचं नाणं माझ्याही हातात आलं. मी सवयीने सालाखाली बघायला गेलो. साल १९४४, आणि मागच्या बाजूला तळाशी बारीक रोमन ‘एल’. एल म्हणजे लाहोर.

लाहोरची टांकसाळ युद्धाच्या गडबडीत, १९४३ मध्ये सुरू झाली. मुंबई आणि कोलकात्याचा भार हलका करायला. चार वर्षांत ती दुसऱ्या देशात गेली. काकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते आईचं नाणं होतं, तेवढंच. मी भिंग दिलं. त्यांनी ‘एल’ बघितला, मुलाला दाखवला, सुनेला दाखवला आणि नाणं पुन्हा दुधात ठेवून दिलं. बाजारात लाहोरचा रुपया फार महाग नाही. तो दुर्मिळ या वर्गातही बसत नाही. पण त्या घरात त्याचं मोल त्या संध्याकाळी वाढलं खरं.

स्वतंत्र भारतानेही चांदीची नाणी काढली, पण ती प्रासंगिक. १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. १९७२ ला स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचं, ५० टक्के चांदीचं. ती ज्यांना मिळाली त्यांनी रुमालात बांधून ठेवली, दूधवाल्याला कुणी दिली नाहीत. तुमच्या घरी असतील तर असतील. बँकेच्या पिशवीत ती शोधू नका.

मग पिशवीत शोधायचं काय?

सांगतो, पण आधी पिशवीबद्दल. आपल्याकडे नळकांडी नाहीत. रिझर्व्ह बँकेने बँकांना सुचवलेलं आहे की ग्राहकांकडून नाणी घेताना शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पिशव्यांत घ्यावीत, म्हणजे मोजायला सोपं. नाण्यांचा प्रवास टांकसाळीतून रिझर्व्ह बँकेकडे, तिथून बँकांच्या चलन-तिजोऱ्यांत आणि मग शाखेत. शाखेत दोन जातींची चिल्लर असते. एक कोरी, सीलबंद, वरून आलेली: सगळी नाणी एका सालाची, एका टांकसाळीची. चकचकीत, पण शोधणाऱ्याच्या दृष्टीने निरस. दुसरी, कुणीतरी भरणा केलेली, मळकट. ती मागायची. बोलताना ‘जुनी द्या’ म्हटलं तर कॅशियर संशयाने बघतो. ‘नवी नसली तरी चालतील’ म्हणावं.

बँकेपेक्षाही चांगली ठिकाणं आहेत. ज्यांच्याकडे सुटे साठतात असे लोक: पहाटेचा दूधवाला, वडापावची गाडी, स्टेशनबाहेरचा फुलवाला, शेअर रिक्षा. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या महाशिवरात्रीच्या जत्रेनंतरचे दोन-तीन दिवस मी सोडत नाही. खेळणीवाल्यांकडे आणि पाळणेवाल्यांकडे पोत्याने चिल्लर असते आणि ती घाटावरच्या, नगर-नाशिककडच्या गावांतून फिरून आलेली असते. आमच्या पट्ट्यात रोज चौकटीच चौकटी, कारण मुंबई जवळ. जत्रेत चांदण्या आणि टिंबं दिसू लागतात.

पंधरा-एक वर्षांपूर्वी हे जमलं नसतं. तेव्हा सुट्यांची इतकी टंचाई होती की दुकानदार रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवायचे आणि शंभराची चिल्लर घ्यायला वर पाच-दहा रुपये मोजावे लागायचे. आता सगळे मोबाइलने कोड स्कॅन करतात. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधल्या एका कापडवाल्याने मला गल्ल्यातली अख्खी चिल्लर मोजून न घेताच ओतून दिली. ‘ले जाओ साईं, जितने निकलें उतने दे देना.’ चिल्लरीच्या बाबतीत सिंधी व्यापाऱ्याने हिशेब सोडून दिला, यावरून काळ बदलला म्हणायचा.

आता पिशवीतली खरी शिकार. माझ्या मते सगळ्यात गोड शिकार म्हणजे परदेशात पाडलेली भारतीय नाणी. आपल्या टांकसाळींना मागणी झेपेना, तेव्हा १९८० आणि १९९० च्या दशकांत सरकारने बाहेरून नाणी करून घेतली. १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली रोमन ‘एच’ आहे. तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. १९९७-९८ च्या काही रुपयांवर ‘एम’ आणि त्याच्या डोक्याशी बारीक ‘ओ’, तो मेक्सिकोचा. ‘एमके’ असेल तर ते स्लोव्हाकियातल्या क्रेम्नित्सा गावाचं. तिथे १३२८ पासून नाणी पाडतात. आणि पाच रुपयांच्या जाड नाण्यांपैकी काहींवर ‘एमएमडी’ दिसतं, म्हणजे मॉस्को. बदलापूरच्या भाजीवालीच्या पिशवीतून स्लोव्हाकियाचा रुपया निघतो तेव्हा तिला सांगावंसं वाटतं. मी एकदा सांगितलंही. ती म्हणाली, ‘चालतो ना पण?’ चालतो. कायद्याने आजही चालतो.

दुसरी शिकार स्मरणनाण्यांची. मराठी माणसाला यात खास रस हवा. १९९० चा रुपया बघा, त्यातल्या काहींवर डॉ. आंबेडकर आहेत. उल्हासनगर-अंबरनाथच्या वस्त्यांत हा रुपया खर्च करणारं घर मला अजून भेटलेलं नाही. तो तसबिरीच्या चौकटीत खोचलेला असतो. १९९९ च्या रुपयावर संत ज्ञानेश्वर, त्याच सालच्या दोन रुपयांच्या अकरा कोनी नाण्यावर छत्रपती शिवाजी महाराज, २००२ च्या दोन रुपयांवर संत तुकाराम, २००७ च्या पाचावर लोकमान्य टिळक. तुकोबांचं नाणं मला अंबरनाथ पूर्वेला रिक्षात मिळालं. पैशाला मातीसमान मानणारा माणूस सरकारने नाण्यावर बसवला, हे मनात येऊन मी रिक्षात एकटाच हसलो आणि रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

तिसरी शिकार चुकांची. टांकसाळीचा ठसा मिनिटाला शेकडो वेळा पडतो, चुका होणारच. चकती तिरकी बसली तर चित्र एका बाजूला सरकतं आणि कडेला कोरी चंद्रकोर राहते. पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्यावर आली, तर तिच्या एका बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं; याला जाणकार ब्रॉकेज म्हणतात आणि ते मिळालं तर पेढे वाटतात. फिरलेला ठसा ओळखायला सोपा: आपलं नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटलं की मागची बाजू सरळ दिसायला हवी. (अमेरिकेचं नाणं तसं उलटलं तर मागचा गरुड शीर्षासन करताना दिसतो, त्यांची रीतच तशी.) आपलं वाकडं दिसलं तर बाजूला ठेवा. दहाच्या दोनरंगी नाण्यात मधली चकती सरकलेलीही सापडते. माझ्याकडे असं एक आहे, अगदी किंचित सरकलेलं. बायको म्हणते दिसतच नाही.

नुसतं झिजलेलं, ठोकलेलं, रेल्वे रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं म्हणजे चूक नव्हे. टांकसाळीतून बाहेर पडल्यावर जे झालं ते माणसांचं कर्तृत्व. याची किंमत शून्य.

हत्यारं फार लागत नाहीत. दहापट भिंग, सराफी काटा आणि एक लोहचुंबक. १९९२ पासूनचा रुपया पोलादाचा, तो चिकटतो. तांबं-निकेलचा जुना मोठा रुपया चिकटत नाही. निव्वळ निकेलचा १९४७ चा वाघवाला पुन्हा चिकटतो. खाडीपुलाखाली दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी पोरं तुम्ही बघितली असतील. लोकलमधून लोक श्रद्धेने पैसे टाकतात ते ही पोरं कष्टाने वर काढतात. पोलादी रुपया आला म्हणूनच हा धंदा जमला. पाच रुपयांचं ९ ग्रॅमचं जाड तांबं-निकेलचं नाणं मात्र त्यांच्या चुंबकाला कधी लागलं नसतं. आपली नाणी सीमेपलीकडे नेऊन त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या २००७ च्या सुमाराला गाजत होत्या. नाण्यातला धातू नाण्यावरच्या आकड्याहून महाग झाला की नाणं पळून जातं. १९१८ काय, २००७ काय.

एक चूक माझ्या घरची. वडिलांकडून आलेला १९१९ चा रुपया मी आईला सांभाळायला दिला. काळपट पडला होता. तिने लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री टूथपावडर घेऊन तो आरशासारखा घासला आणि कौतुकाने मला दाखवला. त्यावरचा शंभर वर्षांचा रंग एका रात्रीत मोरीत गेला. जाणकाराने अशा नाण्याला निम्मी किंमतही दिली नसती. म्हणून टूथपावडर नको, चिंच नको, पितांबरी तांब्या-पितळेच्या भांड्यांपुरती. फार तर साध्या पाण्यातून काढून मऊ फडक्याने टिपा. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, काही वर्षांत त्यावर हिरवा चिकटा धरतो.

आता थोडं कडू. जुन्या नाण्यांवरून आपल्याकडे जेवढ्या लोणकढ्या फिरतात तेवढ्या लॉटरीवरूनही फिरत नसतील. लहानपणी आमच्या आळीत बोलवा होती की कमळाच्या पितळी वीस पैशांत सोनं आहे. लोकांनी ते डबे भरभरून साठवले. त्यात सोनं मुळीच नव्हतं. मग दहाच्या नाण्यावर दहा रेघा खऱ्या की पंधरा, यावरून दुकानदार ग्राहकांशी भांडले. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावं लागलं की चौदाही प्रकार खरे आहेत. हल्लीची लोणकढी म्हणजे वैष्णोदेवीचं नाणं दाखवा आणि लाखो मिळवा. २०१२ चं ते नाणं चलनातलं आहे, आजही सुट्यांत मिळतं. असल्या जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून आधी ‘कमिशन’ आणि ‘कर’ मागतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की असल्या व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही आणि आम्ही कुणाला नेमलेलंही नाही. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त कामगाराचे साडेचार हजार असेच गेले. त्याच्याकडे होतं काय? दोन रुपयांचं साधं नाणं.

कायद्याचंही बघा. २०११ च्या नाणे कायद्याने नाणी वितळवणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गरजेहून खूप जास्त नाणी दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या भावाने विकण्यासाठी साठवणंही त्याच कलमात येतं. छंद म्हणून निवडक नाणी ठेवणं निराळं आणि पोती भरून ठेवणं निराळं. म्हणून बघून झालेली नाणी परत फिरती करा. बँकेत भरता येतात. ग्राहकाने किती नाणी भरावीत याला मर्यादा नाही, असं रिझर्व्ह बँक म्हणते. पण एका बँकेने मला ‘आज माणूस नाही’ म्हणून तीनदा परत पाठवलं आहे. त्यापेक्षा किराणावाल्याला द्यावीत, तो चहा पाजतो. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद आहेत, ती कुणीच घेणार नाही. आठ आणे मात्र अजून कायदेशीर चलन आहेत, दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी. भाजीवालीला हे पटवून दाखवा.

चांदी हवीच असेल तर आमच्या भागाची खरी चांदी फार खाली आहे. अंबरनाथचं मंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातलं. त्या राजांच्या मुलखात चांदीची छोटी, जाड गधैया नाणी चालत: एका बाजूला इराणी राजाच्या मुखवट्याची इतकी बिघडलेली नक्कल की तो मुखवटा आहे हे सांगावं लागतं. वालधुनी नदीच्या काठावर पाया खणताना तसलं काही हाताला लागलं तर ते तुमचं नव्हे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. बघायचीच असतील तर रिझर्व्ह बँकेचं फोर्टमधलं नाणे संग्रहालय आहे, २००४ पासून. जरा लांब जायची तयारी असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. दोन्हीकडे मुलांना न्या.

यंदा लक्ष्मीपूजनाला डबा उघडाल तेव्हा रुपया पुसण्याआधी त्याच्या तळाशी ‘एल’ आहे का बघा. दुसऱ्या दिवशी पाडव्याच्या ओवाळणीत आणि भाऊबीजेच्या ताटात जी नाणी पडतील त्यांचीही सालं वाचा. मला बर्मिंगहॅम मिळालं आहे, स्लोव्हाकिया मिळाला आहे, मॉस्को दोनदा. मेक्सिकोचा रुपया अजून मिळालेला नाही. तुमच्याकडे निघाला तर विकू नका. सकाळी ७ च्या सुमाराला बदलापूर लोकलमध्ये, मधल्या डब्यात, भिंग घेऊन बसलेला माणूस दिसेल. त्याला एकदा दाखवा.